पेरलेले तारे

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधातलं चौथं प्रकरण खोटं आहे. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोपुढे नाही, आणि पदवी मिळाली तेव्हा स्टाफरूममध्ये ज्यांनी माझ्या नावाने पेढे वाटले त्यांच्यापुढे तर नाहीच. त्यातले आकडे मी बनवलेले नाहीत. प्रत्येक आकडा मोजलेला आहे. तरी प्रकरण खोटं आहे, आणि ते उभं राहावं म्हणून मी एका मुलीच्या नजरेवर आळ घेतला. अठरा वर्षं झाली.

आश्विन सरत आला की हे वर येतं. पाऊस गेलेला असतो, थंडी आलेली नसते, आणि ऊन असं पडतं की गोदामांच्या पत्र्यांकडे बघवत नाही. भिवंडीजवळच्या वळ या आमच्या गावी घराण्याची बहुतेक जमीन त्या पत्र्यांखाली गेली. माझा चुलतभाऊ दामू मात्र दोन गोदामांमधला एक पट्टा अजून भातासाठी राखून आहे. कापणीला मी जातो. मदत म्हणावी अशी होत नाही, पण जातो. कापलेल्या भाताचा तो गोडसर, किंचित कुजका वास आणि त्यावर ट्रकच्या डिझेलचा थर. दामू दरवर्षी तोच टोमणा मारतो, "मास्तर, तारे मोजतंस ना, मंग भारे पन मोज. हे खाली हायेत, मान वर कराया लागत न्हाय."

मी भारे मोजतो.

मी तेव्हा काय मोजत होतो ते सांगायला हवं. तारे एकेकटे जन्मत नाहीत. वायूचा आणि धुळीचा एखादा अफाट ढग आकसत जातो आणि त्यातून शेकडो, कधी हजारो तारे साधारण एकाच सुमाराला निपजतात, एका विणीतल्या पिलांसारखे. त्यांत जड थोडे, हलके पुष्कळ. सूर्याच्या वीसपट वस्तुमानाचा एखादाच. सूर्याच्या निम्म्या, पाव वस्तुमानाचे ढिगाने. किती जडांमागे किती हलके, हे प्रमाण सगळीकडे सारखंच असतं की दाटीवाटीच्या जागी बदलतं, हा आमच्या विषयातला जुना प्रश्न आहे. त्यासाठी तारकागुच्छ तरुण लागतो, कारण जड तारे भराभर जळून संपतात. म्हाताऱ्या गुच्छात थोरले आधीच गेलेले असतात. तरुण गुच्छात सगळी भावंडं अजून घरी असतात. पण गुच्छ दाट असेल तर मोजणी अवघड. मध्यावरच्या प्रखर ताऱ्यांचा उजेड भोवताली सांडतो आणि लहान तारे त्यात बुडून जातात.

अशा एका गुच्छाची चित्रं माझ्याकडे होती. परदेशातल्या मोठ्या दुर्बिणीने घेतलेली, कुणालाही वापरायला खुली. भिवंडीत बसून ताऱ्यांचा अभ्यास करतो म्हटलं की लोक हसायचे. इथे रात्री वर बघितलं तर धूर, दिवे आणि सुताचे तंतू. पण आमचं काम दिवसाउजेडी चालायचं, कॉलेजच्या मागच्या अंगाच्या एका खोलीत, दोन कॉम्प्युटरवर. खोलीची खिडकी यंत्रमागांच्या कारखान्यांच्या बाजूला होती. लूमची खटखट इतकी सतत, की ती ऐकू येणं बंद झालेलं असे.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर तहसीन बसायची. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, माझ्याकडे प्रोजेक्ट करत होती. घराणं कोकणी मुसलमानांचं, पिढ्यान् पिढ्या भिवंडीतलं. वडिलांचा सोळा लूमचा कारखाना. कमी बोलायची, पण बोलली की समोरच्याला दोन पावलं मागे जावं लागे. एकदा मी एका ताऱ्याचं वस्तुमान घाईत चुकीचं लिहिलं, तर म्हणाली, "सर, हा तारा तुमच्यावर केस करेल."

पहिली मोजणी झाली तेव्हा गुच्छाच्या मध्यावर लहान तारे फार थोडे निघाले. कडेला हवे तितके, मध्यात जवळजवळ नाहीतच. मी ती आकृती बघत राहिलो आणि मला खळं दिसलं. वाऱ्याच्या बाजूला तोंड करून सूप उंच धरलेले माझे बाबा. भरलेला दाणा सरळ पायाशी, हलकं फोलपट वाऱ्यावर लांब. लहान होतो तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, दाण्याला कसं कळतं कुठे पडायचं. ते म्हणाले होते, "जड हाय तो पायाशी, हलका हाय तो लांब. त्याला शिकाया लागत न्हाय." गुच्छातही तसंच असणार, असं माझ्या मनाने घेतलं. जड तारे मध्याशी बसलेले, हलके बाहेर उडालेले. असं खरोखर होतंही, आकाशात असे गुच्छ आहेत. म्हणूनच फसायला सोपं गेलं. इतकी साजरी गोष्ट, तीही माझ्या बापाच्या खळ्यावरची, चुकीची कशी असेल? गाईडना सांगितली तर ते खूश झाले. म्हणाले, "ही उपमा प्रस्तावनेत घ्या."

तहसीन खूश नव्हती.

त्या काळात भिवंडीत दुपारी वीज जायची. वीज गेली की अख्खं गाव एका क्षणात गप्प होई आणि आपल्या कानांवर इतका वेळ केवढं ओझं होतं ते तेव्हा कळे. यूपीएस टुकटुक करू लागे. दहा मिनिटांत फाइली जपून ठेवायच्या आणि बसून राहायचं. अशाच एका दुपारी ती फाइल बंद करून खिडकीशी उभी राहिली. समोरच्या पत्र्यावरच्या कबुतरांचं घुमणं आता ऐकू येत होतं.

"सर, मघाशी ही कबुतरं नव्हती का?"

मी म्हणालो, असतील की.

"मग मध्यावरचे लहान तारे नाहीत, की आपल्याला दिसत नाहीत?"

मी काहीतरी उत्तर दिलं. काय, ते आठवत नाही. मला राग आला होता एवढं आठवतं.

दिवाळीच्या सुट्टीत ती मला तिच्या अब्बांच्या कारखान्यात घेऊन गेली. मी त्यांना चाचा म्हणायचो. बारीक अंगकाठी, पांढरी दाढी, कानाशी सतत हात. मोठ्याने बोलल्याशिवाय त्यांना ऐकू जात नसे, पण नजर अशी की चालत्या लूमवरची तुटलेली सुताची तार लांबून दिसायची. विणलेल्या कापडाचा ताका तपासायला त्यांच्याकडे एक उतरतं टेबल होतं, वर काच, खाली ट्यूबलाइट. काचेवरून कापड ओढत न्यायचं आणि दोष दिसेल तिथे खडूने खूण करायची.

"सर, बसा. चाय येते," ते म्हणाले. "ही म्हणते तुमची मोजणी अडली आहे. मला ताऱ्यांतलं काही समजत नाही. पण नवा चेकर ठेवतो ना, तेव्हा पहिल्या दिवशी मी काय करतो, सांगू? ताक्यात दहा दोष मी स्वतः घालतो. कुठे घातले ते माझ्या वहीत. त्याला बोलत नाही. त्याने दहातले सहा धरले, तर समजायचं ह्याच्या हातून चार सुटतात. मग दुसऱ्या ताक्यात तो बारा दोष बोलला, तर मी वीस धरतो. पहले आंख को नापो, बाद में कपड़े को."

तहसीन माझ्याकडे बघत होती. हसत नव्हती, पण हसण्याच्या अगदी अलीकडे होती.

आमच्या शास्त्रात ही रीत आहेच. चित्रात आपण स्वतः खोटे तारे पेरायचे, ठरावीक तेजाचे, ठरावीक जागी, आणि आपली पद्धत त्यांतले किती शोधून काढते ते बघायचं. मला ती माहीत होती. मी ती पुढे ढकलत होतो इतकंच. तहसीनने ती सुट्टीत केली. मध्यावर लहान तारे पेरले, शोधले, काढून टाकले, पुन्हा दुसऱ्या जागी पेरले. कडेला दहा पेरले तर नऊ सापडत. मध्यावर दहा पेरले तर तीन. म्हणजे मध्यावर मोजलेल्या प्रत्येक तीन लहान ताऱ्यांमागे आणखी सात उजेडात बुडलेले होते. ते मिळवले की मध्याचं आणि कडेचं प्रमाण सारखंच येत होतं. उफणणी झालेलीच नव्हती. माझ्या बाबांचं खळं त्या आकाशात कुठेही नव्हतं.

तिने यादी छापून माझ्या टेबलावर ठेवली. प्रत्येक ओळीत शेवटच्या रकान्यात एक शब्द होता: 'खरा' किंवा 'पेरलेला'. बापाच्या वहीसारखं, एकही जागा न सुटलेलं. हा रकाना मी त्या दिवशी पाहिला, बोट फिरवून वाचला. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे मी जे बोललो ते माहीत नसल्यामुळे बोललो अशी पळवाट मला नको आहे.

माझ्या नोंदणीची मुदत नोव्हेंबरअखेर संपत होती. एकदा वाढवून घेतली होती, दुसऱ्यांदा मिळणार नव्हती. चौथं प्रकरण पडलं की पाचवं पडत होतं. घरी सगळ्यांना सांगून झालं होतं. वळला तर आईने देवीला नारळही बोलला होता. या गोष्टी मी कारणं म्हणून सांगत नाही. त्या तेव्हा माझ्या डोक्यात होत्या, म्हणून सांगतो.

मुंबईला गाईडच्या खोलीत बसलो होतो. त्यांनी मसुदा चाळला आणि विचारलं, "मध्यावर तारे पेरून बघितलेत का?"

मी म्हणालो, "विद्यार्थिनीने केलं होतं, सर. पण पेरलेले तारे खऱ्यांच्या यादीत मिसळले गेले. भरवसा ठेवण्यासारखं नाही."

इतकंच. दोन-तीन वाक्यं, चहा थंड व्हायच्या आत. ते म्हणाले, "मग परत करा." मी मुदतीचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "बरं. कडेची चाचणी ठेवा. मध्यासाठी एक ओळ टाका." ती ओळ मी त्याच संध्याकाळी लिहिली. 'मध्यभागातील चाचणी तांत्रिक कारणास्तव वगळली आहे.' प्रबंध माझ्या कपाटात आहे. त्या पानावर तहसीनचं नाव नाही. तांत्रिक कारण ही तिची तिथली एकमेव नोंद.

ती नंतर संशोधनाच्या प्रवेशासाठी मुंबईला, गाईडच्याच संस्थेत मुलाखतीला गेली. शिफारसपत्र मीच लिहिलं होतं, चांगलं लिहिलं होतं. समोर बसलेल्यांत माझे गाईड होते. त्यांनी तिला सौम्यपणे विचारलं, पेरलेले तारे यादीतून वेगळे का ठेवायचे असतात हे आता नीट लक्षात आलं आहे ना? तिला प्रश्न कळलाच नाही. आपलं काय चुकलं ते शोधत ती समोर बसून राहिली, आणि पुढचे सोपे प्रश्नही तिला जमले नाहीत. हे सगळं तिनेच मला सांगितलं, परत आल्यावर, त्याच खोलीत. तिची निवड झाली नव्हती.

"सर, माझ्याकडून खरं आणि पेरलेलं मिसळलं होतं का?"

खिडकीबाहेर लूम चालू होते. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात तिची यादी होती, त्या रकान्यासकट. मला फक्त खण उघडायचा होता.

मी म्हणालो, "होतं असं. इतक्या दाटीत होतं."

ती म्हणाली, "सॉरी, सर. माझ्यामुळे तुमचं प्रकरण बिघडलं असतं."

आणि मी म्हणालो, "असू दे."

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ वाईट बोललो असेन. पण हे दोन शब्द जितक्या वेळा परत येतात तितकं दुसरं काही येत नाही. भाजी घेताना येतात, पेपर तपासताना येतात. बायको एखाद्या क्षुल्लक गोष्टीवर "असू दे" म्हणाली की मी खोलीतून उठून जातो. तिला वाटतं माझं पित्त वाढलं.

डोळे मिटले की मला ते चित्र दिसतं. मध्यावरचा पांढरा गोळा, आणि त्यात काही नाही असं मी छापून दिलेलं. त्या पांढऱ्यातून कुणीतरी बघत असल्यासारखं वाटतं. ते तारे तिथे आहेत. मी 'नाहीत' म्हटल्याने त्यांचं काही बिघडलं नाही. ज्याचं बिघडलं ते माणूस माझ्याच गावात राहतं आणि रस्त्यात भेटलं की "सर, बरे आहात ना?" म्हणतं.

तहसीनने पुन्हा कुठे अर्ज केला नाही. लग्न झालं, इथेच वंजारपट्टीला दिलं, आणि ती अकरावी-बारावीचे क्लास घेऊ लागली. चांगलं शिकवते, तिच्याकडची मुलं दरवर्षी आमच्या कॉलेजात येतात. प्रॅक्टिकलच्या पहिल्याच दिवशी मला ती ओळखू येतात. बाकीची पोरं मिळेल त्या कागदावर आकडे लिहितात, तिची मुलं दोन वह्या काढतात. एकीत प्रत्यक्ष मोजलेलं, दुसरीत हिशोबातून आलेलं. एकदा मी एका मुलीला विचारलं, हे कुणी शिकवलं.

"तहसीन टीचरनी. त्या म्हणतात, मी एकदा खरं-खोटं एकत्र करून बसले होते, खूप मोठं नुकसान झालं, तुम्ही नका करू."

शेजारची म्हणाली, "सर, टीचर दोन वह्या नसतील तर वर्गात घेतच नाहीत. लई कडक."

मुलं हसली. मीही हसल्यासारखं केलं. तिने कधी न केलेल्या चुकीतून ती वर्षानुवर्षं मुलांना शहाणं करते आहे, आणि त्या मुलांच्या वह्यांवर सही मी करतो.

चाचा एकदा एसटी स्टँडवर भेटले. मी वज्रेश्वरीच्या गाडीची वाट बघत होतो. आता त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं, त्यामुळे ते सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं बोलत.

"सर, एक बोलू? राग मानू नका. तहसीन आठ वर्षांची असल्यापासून माझ्या टेबलाशी उभी राहायची. मी घातलेले दहाच्या दहा धरायची. वर अकरावा दाखवायची, जो मी घातलेलाच नसायचा. तुमच्याकडे काय झालं तिला, समझ में नहीं आया."

मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणालो, "कॉम्प्युटरचं वेगळं असतं, चाचा."

"हां," ते म्हणाले. "वो भी है." आणि माझ्याकडे बघत राहिले, कापड काचेवरून जाताना बघावं तसे. गाडी आली. मी चढलो. दोन वर्षांपूर्वी ते गेले. मातीला गेलो होतो. मूठभर माती टाकताना माझ्या मागच्या माणसाने मला हळूच पुढे सरकवलं, कारण मी तिथेच थांबलो होतो.

यंदा दामूचं भात लवकर झालं. सुट्टीला घरी कुणी नव्हतं. मी कॉलेजच्या टेबलाच्या खालच्या खणातली तहसीनची यादी घरी आणली. ती मी टाकून का दिली नाही, ते मला सांगता येत नाही. जुनी चित्रं अजून मिळतात. लॅपटॉपवर मी पहिल्यापासून सगळं केलं. तिच्याच जागांवर, तिच्याच तेजाचे तारे पेरले. तीन दिवस लागले. खिडकीतून कुठल्यातरी कारखान्याची खटखट येत होती, पूर्वीपेक्षा खूपच कमी. कितीतरी लूम भंगारात गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. दहातले तीन.

मला आश्चर्य वाटायला हवं होतं असं नाही. तरी मी तिची यादी ओळीओळीने ताडून पाहिली. तिच्या यादीतल्या एकाही ओळीत चूक नव्हती. मी दुसऱ्यांदा तपासलं, मग तिसऱ्यांदा. मला एखादी तरी चूक हवी होती, हे मला तेव्हा कळलं. अठरा वर्षांनीही मी तिची एक चूक शोधत होतो.

मी पन्नाशी ओलांडली आहे. नोकरीची काही वर्षं राहिली आहेत. हे छापून आल्यावर त्यांचं काय होईल ते मला माहीत नाही, आणि त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. एक गोष्ट मात्र स्वतःला बजावतो. हा लेख लिहिणं म्हणजे तिला सांगणं नव्हे. तिने हे कुठल्याशा अंकात, परक्या लोकांच्या आधी किंवा नंतर वाचावं, ही आणखी एक पळवाट होईल.

तेव्हा देणं आहे ते असं. तहसीनच्या घरी जाऊन, तिच्यासमोर बसून, तुझी मोजणी बरोबर होती, तू काहीही मिसळलं नव्हतंस, मला ते ठाऊक होतं आणि मी खोटं बोललो, हे सांगायचं आहे. गाईड हयात आहेत. त्यांना हेच पत्राने कळवायचं आहे. विद्यापीठाला चौथ्या प्रकरणाची दुरुस्ती द्यायची आहे, आणि मध्यावरच्या मोजणीखाली तिचं नाव घालायचं आहे. तिच्या अब्बांना सांगायचं होतं, ते आता होणार नाही. बाकीचं यांतलं अजून काहीही मी केलेलं नाही.